जर्नलवरची सही माझीच होती

पोस्ट मोठी आहे. पण घरात अकरावी-बारावीचं मूल असेल, किंवा यंदा दहावी झालेलं असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

परवा भाचीच्या अकरावीच्या चौकशीला एका ज्युनिअर कॉलेजात गेलो होतो. सांगली-मिरजेतलंच. नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कॉलेजचं नाव घातलं तरी गोष्ट फारशी बदलणार नाही. काउंटरवरच्या मॅडमनी छान माहिती दिली. एसी वर्ग, रोज टेस्ट, रविवारी मोठी टेस्ट, मार्कांचा तक्ता पालकांच्या व्हॉट्सअॅपवर. मी विचारलं, "मॅडम, केमिस्ट्रीची लॅब बघता येईल का?" हॉटेलात जाऊन कुणी गोठा दाखवा म्हणावं, तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

शेवटी शिपाई किल्ली घेऊन आला. कुलूप निघेना, तेल घालावं लागलं. आत टेबलांवर ओएमआर शीटचे गठ्ठे. सिंकमध्ये झाडू. ब्युरेटचे स्टँड कोपऱ्यात एकावर एक रचलेले. भाची लहानपणी माझ्या कॉलेजात यायची, तिला लॅब माहिती आहे. ती हळूच म्हणाली, "मामा, इथे वासच येत नाही."

बरोबर आहे. जिथे काही होतच नाही, तिथे वास कसला येणार?

आता तुम्हाला वाटेल, रिटायर झालेले मास्तर आता नव्या कॉलेजांच्या नावाने बोटं मोडणार. तसं नाही. आधी माझंच सांगतो.

मी २७ वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली. त्यातली पहिली काही वर्षं पोरं खरोखर प्रॅक्टिकल करायची. नंतर क्लास वाढले, पोरं कॉलेजला यायची बंद झाली, आमचा प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाला आणि त्याची जागा भरलीच नाही. मग एक सोपी पद्धत पडली. जानेवारीत दोन दिवस पोरांना बोलवायचं, फळ्यावर रीडिंग लिहायची, पोरांनी जर्नलमध्ये उतरवायची. ऑक्झॅलिक अॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन. रीडिंग लिहा: १०.२, १०.२, १०.२. तिन्ही सारखी! आयुष्यात ज्याने एकदा तरी ब्युरेट हातात धरली आहे त्याला कळेल, की पहिल्याच दिवशी तिन्ही रीडिंग सारखी येणं हा चमत्कार आहे. आमच्याकडे दरवर्षी साठच्या साठ पोरांच्या जर्नलमध्ये हा चमत्कार व्हायचा.

आणि खाली सर्टिफिकेट. सदर विद्यार्थ्याने हे प्रयोग वर्षभरात समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत. त्याखाली सही माझी.

प्रॅक्टिकलचे ३० मार्क असतात. ७० लेखीचे, ३० प्रॅक्टिकलचे. बाहेरून परीक्षक येतात. मीही बाहेरचा परीक्षक म्हणून जायचो. मी गेलो की त्यांच्या पोरांना २८, ते आले की आमच्या पोरांना २८. मध्ये चहा, पोहे आणि विमानभाडं सोडून सगळ्या विषयांवर गप्पा. एकदा एका मुलीला तोंडीला विचारलं, "ऑक्झॅलिक अॅसिड टायट्रेशनच्या आधी गरम का करतात गं?" (साठ-सत्तर डिग्रीला तापवलं नाही तर रिअॅक्शन फार हळू चालते, एवढंच उत्तर.) ती म्हणाली, "सर, गरम करतात का?" तिच्या जर्नलमध्ये ते स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. मी तिला २७ दिले.

एक जुना विद्यार्थी काही वर्षांपूर्वी भेटला. बारावीला नव्वदच्या वर टक्के, पुढे बीएस्सी, मग साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी. सांगत होता, पहिल्या दिवशी पिपेट हातात घेतली आणि थरथरायला लागलो. तिथल्या दहावी झालेल्या लॅब बॉयने त्याला शिकवलं. वर म्हणाला, "साहेब, तुम्ही कॉलेजला गेला होता ना?" विद्यार्थी हे हसत हसत सांगत होता. मला काही हसू आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. सोळा-सतराव्या वर्षी, ज्या वयात माणूस खरं-खोटं स्वतः तपासायला शिकतो, त्या वयात आपण महाराष्ट्रातल्या पोरांना न केलेलं काम केलं म्हणून लिहायला शिकवतो. सही-शिक्क्यासकट. पुढे तेच पोर इंजिनिअर होऊन न मोजलेल्या रस्त्याची मोजमाप वही भरतं, तेव्हा आपण व्यवस्था सडली म्हणून पोस्टी टाकतो. अहो, त्याने पहिली खोटी वही आपल्यासमोर भरली होती. आपण त्याला वर २८ मार्क दिले होते.

यात सगळ्यात वाईट काय, तर आपल्या गावात शिकायला काही नाही असंही नाही.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले. बारावीच्या फिजिक्समध्ये तारेची कंपनं, स्थिर तरंग, हार्मोनिक असा आख्खा धडा आहे. पोरं सूत्र पाठ करतात: तारेची लांबी अर्धी केली की वारंवारता दुप्पट. त्या गल्लीत जाऊन तारेच्या बरोबर मध्यावर बोट ठेवून तार छेडली की वरचा सा ऐकू येतो. पाच सेकंदांचं काम. एका वर्षी मी वीस-बावीस पोरं घेऊन गेलो होतो. कारागीर म्हणाले, "भोपळा जाड निघाला की आवाज बसतो, म्हणून आतून किती तासायचा ते टिचकी मारून ठरवतो." एरवी वर्गात मान वर न करणारा एक मुलगा अर्धा तास नुसत्या टिचक्या मारून बघत होता. परत आल्यावर प्राचार्यांनी मला विचारलं, "सिलॅबस झाला का?" पुढच्या वर्षी मी पोरं नेली नाहीत. तो दोष माझाच.

तासगावकडे चला. बेदाणा करताना द्राक्षं कशात बुडवतात, ते तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल. डिपिंग ऑइल म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट, एक एस्टर. त्याने द्राक्षाच्या सालीवरचं मेण सुटतं, पाणी लवकर उडतं, बेदाणा लवकर सुकतो आणि काळा पडत नाही. बारावीच्या पुस्तकात एस्टर आहेत. ज्या शेतकऱ्याचा मुलगा एस्टरची नावं घोकत बसलाय, त्याच्या बापाच्या शेडमध्ये त्याच एस्टरचा कॅन पडलेला असतो. दोघांची गाठ कुणी घालून दिलेलीच नाही.

सांगलीची हळद घ्या. २०१८ पासून तिलाही जीआय आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात माहिती आहे. इंडिकेटर म्हणजे दुसरं काय? आणि हे फक्त सायन्सपुरतं नाही. कॉमर्सची पोरं दोन वर्षं 'बाजारपेठ' शिकतात आणि मार्केट यार्डात हळदीचा सौदा कसा निघतो ते एकदाही बघत नाहीत. शेतकऱ्याच्या हातात पडलेली पट्टी वाचून दाखव म्हणा, हमाली किती, तोलाई किती, हातात उरले किती. ताळेबंद लिहिणारी पोरं अडखळतील.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. पाणी.

दर पावसाळ्यात आपल्या गावात एकच प्रश्न असतो: "आयर्विनला किती फूट?" ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. ज्यांनी घरं सोडली त्यांना ते आकडे अजून झोपेत दिसतात. त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर काय चालतं आठवा. कोयनेतून अमुक हजार क्युसेक सोडलं, अलमट्टीने तमुक अडवलं, रात्रीत पाणी दहा फूट चढणार, गाव सोडा. यातलं काय खरं, काय अफवा, ते कोण सांगणार?

हिशेब अवघड नाही. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागा. सुमारे ११,५७४. म्हणजे साधारण साडेअकरा हजार क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं, की धरणातलं एक टीएमसी कमी होतं. हे गणित सातवीच्या पोराला येतं. पण फ्लुइड शिकलेल्या पोराला मी विचारलं, क्युसेक म्हणजे काय रे, तर म्हणाला, "सर, ते न्यूजमध्ये असतं."

म्हैसाळच्या कालव्यावर, पुलावर उभं राहून, एक संत्रं टाकून वेग मोजता येतो. वरच्या थराचा वेग खालच्यापेक्षा जास्त असतो म्हणून त्याला साधारण ०.८५ ने गुणायचं, मग रुंदी आणि खोलीने गुणायचं. आला विसर्ग. उत्तर थोडं चुकेल. चुकू दे! किती चुकलं आणि का चुकलं, यावर भांडण झालं की समजायचं आज काहीतरी शिकवलं.

आणि आता गंमत ऐका. गंमत कसली, लाजच. अकरावी-बारावीला गेली काही वर्षं एक अनिवार्य विषय आहे. नाव काय? 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा'. त्यात प्रकल्प करावा लागतो. म्हणजे बोर्डाने दार उघडून ठेवलंय. नवा जीआर नको, निधी नको, आंदोलन नको. आणि २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर बघितलेल्या गावातली पोरं जलसुरक्षेचा प्रकल्प काय करतात? झेरॉक्सच्या दुकानातून तयार घेतात. पानं भरलेली, चित्रं चिकटवलेली, फक्त नाव घालायचं. ज्या घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते, त्याच घरात बसून पोरगं दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या पाण्यावरचा प्रकल्प उतरवून काढतं.

आर्ट्सच्या पोरांनी नुसत्या त्या रेघा जरी मोजल्या, गल्लीगल्लीत जाऊन कुठे किती फूट, कोण कधी बाहेर पडलं, बोट कधी आली हे लिहून घेतलं, तरी महापालिकेला उपयोगी पडेल असा नकाशा तयार होईल.

आता तुमचे प्रश्न. मला माहिती आहेत, कारण पालकसभेत हेच ऐकत आलो.

"सर, नीट कोण देणार? सीईटी कोण देणार?" द्या ना. मी नको म्हणतच नाही. अकरावीच्या वर्षात १२ शनिवार, प्रत्येकी चार तास. झाले ४८ तास. तुमचं पोरगं क्लास आणि अभ्यास धरून दिवसाला दहा तास बसतं, म्हणजे हे पुरते पाच दिवसही होत नाहीत. दोन वर्षांतले पाच दिवस. याने रँक वाढेल का? नाही वाढणार. रिटायर झालोय, आता तरी खोटं बोलणार नाही. चार पर्यायांतून एक निवडायला ब्युरेट धरता यावी लागत नाही. पण एक करा. तुमच्या मुलाच्या बॅचमधल्या साठ पोरांपैकी गेल्या वर्षी सरकारी मेडिकलला किती लागले ते क्लासवाल्यांना विचारा, बोर्डावरचे फोटो नका मोजू. उरलेल्यांच्या हातात दोन वर्षांनंतर काय राहिलं, हा माझा प्रश्न आहे.

"मुलांना काही झालं तर?" रास्त भीती आहे. म्हणून पुराच्या दिवसांत नदीकाठी न्यायचं नाही, कालव्यात उतरायचं नाही, चालू मशीनला हात लावायचा नाही. वीस पोरांमागे एक शिक्षक, पालकांची लेखी परवानगी, पायात बूट. आणि कुणी म्हणेल की कारखान्यात पोरं फुकट राबवून घेतील, तर तेही खरं आहे. असे प्रकार होतात. १८ वर्षांखालच्यांना धोकादायक कामाला लावायला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पोरं मोजायला, बघायला, विचारायला जातील. माल भरायला नाही.

"हे असलं आयटीआयच्या पोरांनी करायचं." हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, पण मनात सगळ्यांच्या असतो. यावर जरा स्पष्टच बोलतो.

बारावीला एमसीव्हीसी म्हणून व्यावसायिक अभ्यासक्रम होता. त्यात प्रत्यक्ष कामाच्या जागी ट्रेनिंग होतं. चांगली कल्पना. आपण तिथे कुणाला पाठवलं? ज्यांचा सायन्सला नंबर लागला नाही त्यांना. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठी नोकरी सोडून आलेला हा शास्त्रज्ञ. शाळेतून बाहेर पडलेली पोरं तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती करत विज्ञान शिकली. आपण काय म्हटलं? छान आहे, गरिबांच्या पोरांसाठी. आपल्या भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं. त्यांच्या पुतळ्याला दरवर्षी हार घालतो, आणि घरी येऊन पोराला सांगतो, तू फक्त अभ्यास कर, पाण्याचा ग्लास पण आई आणून देईल.

म्हणजे हाताने काम करणाऱ्याला पुस्तक द्यायचं नाही आणि पुस्तकवाल्याच्या हाताला काम लागू द्यायचं नाही. ही वाटणी आपल्या समाजात फार जुनी आहे. कुणी कुठली कामं करायची हे जन्मावर ठरवणाऱ्यांची ती वाटणी आहे. आपण तिला आता टक्केवारीचे कपडे घातलेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचं. सहावी ते बारावीपर्यंत सुट्टीत वगैरे अशी संधी देता येईल असंही लिहिलंय. 'देता येईल' म्हणजे काय होतं, ते आपल्याला कळतं. आठवीनंतर आपल्याकडे दप्तर परत पाठीवर चढतं, ते बारावीपर्यंत उतरत नाही.

२०१८ मध्ये सरकारने सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. क्लास आणि कॉलेजचं साटंलोटं मोडायला. मशीन आली, अंगठे उमटले. पोरं कुठे बसली ते तुम्हाला माहिती आहे. म्हणून मी सरकारकडे फार काही मागत नाही. मागतोय ते तुमच्याकडे.

पालकांनो, अॅडमिशनच्या वेळी एकच मागणी करा: लॅब उघडून दाखवा. दहा पालकांनी विचारलं की कुलुपाला तेल घालावं लागणार नाही. पोराचं जर्नल घरी बघा. तिन्ही रीडिंग सारखी असतील तर पोरावर ओरडू नका, कॉलेजला फोन करा.

शिक्षक मित्रांनो, तुमचा पगार, विनाअनुदानिताचे हाल, डोक्यावरचे ऑनलाइन फॉर्म, सगळं ठाऊक आहे. तरी यंदा एका बॅचचा जलसुरक्षेचा प्रकल्प खरा करून घ्या. एकच. पोरांनी स्वतः घेतलेली चुकीची रीडिंग असली तरी तिला मार्क द्या. उतरवलेल्या बरोबर रीडिंगला शून्य द्या. पहिल्या वर्षी बोंब होईल.

कारखानदार, बागायतदार, दुकानदार यांना विनंती, महिन्यातला एक शनिवार तास-दोन तास दार उघडं ठेवा. चहा नका पाजू. पोरांच्या प्रश्नांना उत्तरं द्या, तेवढं पुरे.

माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांना ही पोस्ट आवडणार नाही. सह्या त्यांच्याही आहेत. पण २७ वर्षांत अंदाजे दीड हजार जर्नलवर मी सही केली, त्यातल्या किती खऱ्या होत्या, याचा हिशेब मला तरी मांडता येत नाही.

भाचीने अजून कॉलेज ठरवलेलं नाही. लॅबला वास येणारं कॉलेज शोधतोय. कुणाला माहिती असेल तर सांगा. आणि ज्या कॉलेजकडे लॅब आहे पण माणूस नाही, त्यांनीही कळवा. शनिवारी सकाळी मी मोकळा असतो. किल्ली तुमची, ब्युरेट मी धुतो.